दुधाच्या दातांचं वय

बोटावर चढवलेली ती रबराची टोपी अर्ध्यावरच अडली होती — मऊ, पांढुरकी, एका अंगाला बारीक काटे असलेली. त्याने ती जरा रेटून पाहिली, तर दुसऱ्या पेरापाशी रुतून बसली आणि बोट लालबुंद झालं. पिल्लांचे दात घासायचा हा ब्रश कुणा सडपातळ बोटांच्या माणसाला समोर ठेवून केलेला असावा; त्याची बोटं जाडच होती. इतकी वर्षं हीच बोटं लोकांच्या तोंडात जात होती आणि आजवर कुणी तक्रार केली नव्हती... तक्रार करायला तोंड मोकळं असावं लागतं, असं तो खुर्चीतल्या पेशंटला सांगायचा आणि पेशंट कापसाचा बोळा सांभाळत हसायचा. आज तोच विनोद आठवला आणि त्याला स्वतःचाच वीट आला.

"करंगळीत घालून बघा," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने त्याच्याहून बऱ्याच लहान, बाह्या दुमडलेल्या, कोपरावर मांजराने काढलेला ओरखडा. "तुम्ही काय करता, सर?"

"स्वतःचं आहे... छोटंसं."

खोटं काय होतं त्यात? दवाखाना स्वतःचाच होता. छोटाही होता.

टेबलावर बटण बसलं होतं. तीनेक महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, पुढच्या पायाला सलाइनच्या सुईची पट्टी, डोळे अजून जड. त्याच्या शेजारी कोपरं टेकून चिंगी उभी होती. दोन वर्षं हट्ट करून तिने हे पिल्लू मिळवलं होतं. ती त्याच्याकडे — म्हणजे बापाकडे — बघत नव्हती. सकाळपासून बघत नव्हती. की तो तिच्याकडे बघत नव्हता म्हणून त्याला तसं वाटत होतं?

"लोक मला म्हणतात, हे तर दुधाचे दात, चार महिन्यांनी पडणारच, मग आत्तापासून कशाला एवढी यातायात," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "कुत्र्याचं पिल्लू असो, नाहीतर मांजराचं. पण आत्ता दात घासायचेच नसतात मुळी. आत्ता फक्त त्याला कळू द्यायचं, की तोंडापाशी हात आला तर दुखत नाही. पहिले काही दिवस नुसता ओठाला हात लावायचा. मग ओठ उचलायचा आणि सोडून द्यायचा. मग त्याची वेगळी पेस्ट मिळते, ती बोटावरून चाटू द्यायची. ब्रश सगळ्यात शेवटी. या वयात जे शिकतात ना, ते जन्मभर राहतं."

तो मान डोलावत होता. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी डोलावत होता, मध्ये एकदा "अच्छा?" असंही म्हणाला. हेच तो स्वतः रोज पोरांच्या आयांना सांगायचा, हातात प्लास्टिकची कवळी घेऊन, जवळजवळ याच शब्दांत — पहिल्या दिवशी मी काही करणार नाही, त्याला नुसतं खुर्चीत बसू दे, दिव्याशी खेळू दे. पोरांचा लाडका डॉक्टर म्हणून त्याचं नाव होतं. आणि घरी...

घरी त्याने बटणला गुडघ्यांत आवळून धरलं होतं. एका हाताने जबडा, अंगठा सुळ्याच्या मागे, अगदी शास्त्रशुद्ध पकड. डेंटिस्टच्या घरच्या कुत्र्याचे दात कसे असले पाहिजेत, हे त्याला जगाला दाखवायचं होतं बहुतेक; जग म्हणजे वरच्या मजल्यावरचे दोन शेजारी आणि बायकोची बहीण. पेस्टही त्याने साधीसुधी वापरली नव्हती. दवाखान्यातली, साखरेऐवजी दुसरा गोडवा घातलेली, किडीला जवळ फिरकू न देणारी — पोरांना तो हीच लिहून द्यायचा. दुसऱ्या कुणी घरातली साधी पेस्ट उचलली असती. उत्तमातली उत्तम निवडायची अक्कल त्याच्याकडेच होती. हाच गोडवा कुत्र्याच्या रक्तातली साखर तळाला नेतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. कुत्र्याला थुंकता येत नाही, हे तर कुणालाही सुचलं असतं.

"बाबा, त्याला नको आहे," चिंगी म्हणाली होती. पिल्लू तेव्हा त्याच्या मांडीवर मुतलं होतं.

"कुणालाच नको असतं," तो म्हणाला होता आणि आणखी थोडी पेस्ट घेतली होती.

कपडे बदलून तो बाहेर येतो तोवर बटणचे मागचे पाय लटपटायला लागले होते. मग ओकारी. मग ते आडवं झालं ते उठेनाच, आणि चिंगीने केलेला तो आवाज... रडण्याचा नव्हता तो. रडणं तरी बरं.

आणि मग इथे, याच टेबलापाशी, सकाळी —

"काय खाल्लं याने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, हात चालू ठेवून, मान वर न करता.

त्याने खिशातून पेस्टची ट्यूब काढून पुढे केली. इथपर्यंत सगळं खरं होतं. आणि लगेच, कुणी काही विचारलेलं नसताना, "मुलीने चाटवली असेल. फार हौस आहे तिला."

कुठून आलं ते वाक्य? अडखळलं नाही, चाचरलं नाही, जिभेवर तयारच असल्यासारखं निघालं. मी काय ठरवून बोललो? घाबरलो होतो. पिल्लू मरतंय की काय असं वाटत होतं, आणि समोर एक डॉक्टर, आणि मीही डॉक्टर... उपचारात काही फरक पडला का? नाही. ट्यूब तर दाखवली मी. तो दिवसभर स्वतःशी हाच हिशेब मांडत होता आणि तो काही केल्या जुळत नव्हता, कारण त्या वाक्यानंतर डॉक्टरीणबाईंनी सुई लावता लावता चिंगीला चांगलंच सुनावलं होतं — "आपली पेस्ट त्यांना विष असते, कळलं? मेलं असतं आज हे. परत देशील?" आणि चिंगीने एकदाच बापाकडे पाहिलं, अगदी क्षणभर, काहीतरी तपासून घ्यावं तसं. मग ती म्हणाली, "नाही देणार."

बस्स. नाही देणार. तिने आरडाओरडा केला असता, "मी नाही, बाबांनी!" म्हणून बोट दाखवलं असतं, तर तो काहीतरी सारवासारव करू शकला असता. तिने त्याला पाठीशी घातलं. आठ वर्षांच्या पोरीने. हे लक्षात आलं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि त्या गरमीखाली — हे त्याला कुणालाही सांगता आलं नसतं — किंचित हायसंही वाटलं होतं.

"तू करून बघतेस?" डॉक्टरीणबाई आता चिंगीला विचारत होत्या. चिंगीने बटणच्या ओठाला बोट लावलं. बटणने ते चाटलं. मग डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "आता तुम्ही." त्याने हात पुढे केला, आणि बटणने मान खाली घालून अंग चोरलं. गुरगुरलं नाही, पळालं नाही. नुसतं टेबलाला चिकटून लहान झालं.

"पुरुषांच्या हाताला बिचकतात काही," त्या म्हणाल्या, त्याची बाजू सांभाळून घेत. तेही त्याने घेतलं.

दार ढकलून एक बाई टोपली घेऊन आत डोकावल्या. टोपलीत मांजराचं पिल्लू म्यांव म्यांव करत होतं. "सॉरी हं, आत कुणी आहे का... अगंबाई! डॉक्टर, तुम्ही इथे?" त्यांचा चेहरा फुलला. "अहो, यांनीच आमच्या चिरंजीवांचे दात सांभाळले! आधी तो तोंडच उघडायचा नाही. यांनी तीन वेळा नुसतं खुर्चीत बसवून घरी पाठवला. एवढा धीर कुणाला असतो हो?" मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "पोरांच्या दातांसाठी यांच्याच दवाखान्यात जा, दुसरीकडे जाऊच नका."

तो हसला. दुसरं काय करणार? गाल वर गेले, दात दिसले, झालं.

बाई बाहेर जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या कडेला ठेवलेली सकाळची ट्यूब उचलली, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली, परत ठेवली. एकदा त्याच्या जाड बोटांकडे पाहिलं. मग खाली बसल्या, चिंगीच्या तोंडासमोर तोंड येईल इतक्या.

"सकाळी मी फार जोरात बोलले का गं?"

"नाही," चिंगी म्हणाली.

आता बोलायचं. आता दोनच शब्द — मीच दिली. दाढ काढताना तो याहून किती लांबलचक बोलायचा. त्याने घसा खाकरला आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "याला रात्री खायला काय द्यायचं?"

"मऊ काहीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुन्हा "सर" म्हणाल्या नाहीत.

गाडीत बटण चिंगीच्या मांडीवर झोपलं. रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी होती, त्याला सावकाश चालवावं लागत होतं, आणि तसं चालवणं बरं वाटत होतं, कारण घरी बायको येऊन थांबली असणार होती. ती आठवडाभर कामासाठी बाहेरगावी होती. त्याने तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की बटणला जरा बरं नाही.

"बाबा."

"हं?"

"आईला पण मीच दिली असं सांगायचं ना?"

त्यात टोमणा नव्हता. त्याने आरशात तिचा चेहरा शोधला, तर तो अगदी साधा होता, उद्या कुठले बूट घालायचे हे विचारताना असतो तसा. तिला फक्त नीट माहिती हवी होती, आयत्या वेळी चूक होऊ नये म्हणून. पोरगी शिकली होती. एका दिवसात, एकही अश्रू न ढाळता, कुणी जबरदस्ती न करता...

"बघू," तो म्हणाला. आणि बघू म्हणजे काय, हे तिला कळतं, हेही त्याला कळलं.

बायको दारातच उभी होती, प्रवासाच्याच कपड्यांत. तिने बटणला घेतलं, छातीशी धरलं, पायावरची पट्टी पाहिली. "अरे, सुया टोचल्यात याला! काय झालं? कुणी काय खायला घातलं?"

तो बोलणार होता. गाडी लावताना त्याने वाक्य मनात जुळवलं होतं, ते अजून जसंच्या तसं होतं. पण उंबऱ्यावर तो श्वास घेण्याइतकाच अडला, आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की आपण बायकोकडे बघतच नाही आहोत. आपण चिंगीकडे बघतो आहोत. ती बोलेल म्हणून वाट बघतो आहोत.

चिंगीने बूट काढून नीट जोडीने ठेवले, आणि तोंड उघडलं.