उकड्या तांदळातल्या कॅसेटी

डब्याचं झाकण निघेना, तेव्हा गोकुळदासांनी खिशातून स्कूटरची चावी काढली, कडेत खुपसली आणि जोर लावला. झाकण उडून यशोदाबाईंच्या पायांशी पडलं. आत कॅसेटी होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या, आणि मधे मधे फडक्यात बांधलेल्या उकड्या तांदळाच्या पुरचुंड्या.

"तांदूळ कित्याक?"

"पावसात बुरशी धरता मां," यशोदाबाई म्हणाल्या. "तांदूळ ओल ओढतत, असा हे म्हणत. दर मिरगाक नवे बांधत."

गोकुळदासांनी एक कॅसेट उजेडात धरली. फीत काळीभोर, लख्ख. त्यांनी ती छातीशी धरली, मग आपलं आपल्यालाच कसंसं वाटून खाली ठेवली.

लाटंबार्सेच्या या घरी येईपर्यंत त्यांच्या चपला झिजल्या होत्या. फोंड्याच्या एका शौकिनाने कॅसेटी भंगारात दिल्या होत्या. डिचोलीतल्या एकाच्या पोरांनी त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरली होती. गावोगावच्या उत्सवात टेप घेऊन जाणारे जुने लोक असे कितीसे उरणार? यशोदाबाईंचे यजमान नारायण गेल्या वर्षी वारल्याचं कळलं, तेव्हा गोकुळदासांना माणसाआधी त्याच्या कॅसेटींची काळजी वाटली. त्याची त्यांना लाजही वाटली नाही. बुडत्याला कसली लाज?

आणि ते खरोखरच बुडाले होते. दोन पावसाळ्यांपूर्वी चोपड्याला नदी घरात शिरली आणि त्यांच्या सगळ्या कॅसेटींचा चिखल करून गेली. त्यांत एक शेवंतीची होती. त्यांची बायको शेवंती चारचौघांत आयुष्यात एकदाच गायली. पेडण्याच्या देवळातला उत्सव होता आणि पाहुणे गवई शिवोलीच्या काठावर फेरीबोटीसाठी खोळंबले होते. लोक चुळबुळ करू लागले, समितीने हात जोडले, तेव्हा ती बायकांच्या बाजूने उठली, एक अभंग म्हणाली आणि परत जागेवर जाऊन बसली. ती वारल्यावर घरात तिचा तेवढाच आवाज उरला होता. आता तोही नव्हता. तिचा चेहरा आठवे, शब्द आठवत, पण ते शब्द गोकुळदासांना स्वतःच्याच आवाजात ऐकू येत. कधी कधी ते चुलीपाशी उभे राहून 'पेज निवता हां' असं तिच्यासारखं म्हणून बघत आणि घाबरून गप्प होत. माणूस दोनदा मरतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

यशोदाबाईंनी दुसरा डबा पुढे सरकवला. त्यात उत्सवांची हस्तपत्रकं होती, कार्यकर्त्यांचे रेशमी बिल्ले होते, कुणा गायिकेच्या हारातली सुकून तपकिरी झालेली अबोली होती. होमिओपॅथीच्या बाटलीत तंबोऱ्याची तुटलेली तार गुंडाळून ठेवली होती. गोकुळदास फरशीवर फतकल मारून बसले. एकेक पत्रक ते मांडीवर पसरत गेले. हे आपल्याकडे होतं. हेही होतं. ह्या कार्यक्रमाला आपण भर पावसात गेलो होतो, म्हणजे हाही आला होता! घटकाभर ते कशासाठी आलो हेच विसरले. आपल्याइतकाच खुळा एक माणूस तालुक्यापलीकडे राहत होता, त्याच मंडपांत बसत होता, आणि आपण त्याच्याशी दोन शब्द बोललो नाही.

"घरात सगळे ह्यांका खुळो म्हणत," यशोदाबाई म्हणाल्या.

"माकाय म्हणत, वहिनी." कित्येक दिवसांनी ते हसले.

"पण हे लांब बसत. एक माणूस होतो, दर तानेक 'वाः' म्हणून वरडी. टेप नासून टाकी. हे त्याका अश्शे शिव्ये घालीत! एकदा तर कंटाळान भायर तुळशीकडे जावन बसले."

तंबोऱ्याची तार बाटलीत परत घालायला गोकुळदासांना बराच वेळ लागला.

पेडण्याची कॅसेट पहिल्या डब्याच्या तळाशी निघाली. पेडण्याच्या पत्रकावरचीच तारीख, तेच देऊळ. यशोदाबाईंनी टेप पुसून खिडकीपाशी लावला. आधी नुसती खरखर झाली. मग तंबोरा लागला, आणि पाहुण्या गवयांनी षड्ज लावला.

"आदलां खंय?" गोकुळदासांनी विचारलं. "पावणो येवच्या आदी एक बाई गायली होती."

"ता भरूक नाय. कॅसेट म्हाग. मुख्य गवई बसल्याबगर बटण दाबू नको, असा माका बजावून सांगितला होता."

एवढ्या जपणुकीने, तांदळात घालून, एका भल्या माणसाने सगळं राखलं होतं आणि नेमकं तेवढंच राखलं नव्हतं. आता जायला दुसरं दार उरलं नव्हतं. रडू येऊ नये म्हणून गोकुळदासांनी टेप बंद करायला हात पुढे केला, आणि तो तसाच थांबला.

"तुमका बजावला? टेप तुमच्याकडे होतो?"

"त्या दिसा माझ्या मांडयेर होतो. त्या वरडणाऱ्याक कंटाळान हेणी माझ्याकडे दिलो. बायकांच्या बाजूक तरी शांत आसतला म्हणान."

गवयांनी पहिली तान घेतली. लांबून, मंडपाच्या पार पलीकडून कोणीतरी ओरडलं, "वाः!"

लगेच बांगड्या वाजल्या. आणि अगदी जवळून, याच खोलीत बसल्यासारखी, एक बाई हळूच म्हणाली,

"तो वरडता मां गो, तो आमचो."

तिच्या शेजारी कोणीतरी खुदकन हसलं. ते हसू तरुणपणीच्या यशोदाबाईंचं होतं.

आवाज बारीक होता. गोकुळदास इतके दिवस मनाशी धरून बसले होते त्याहून कितीतरी बारीक, आणि किंचित हसरा. यशोदाबाईंनी एकदा टेपकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. मग काही वेळाने त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

"परत लावू?"

गोकुळदासांनी हातानेच नको म्हटलं. गवई पुढची तान घेण्याच्या बेतात होते. गोकुळदास डोळे मिटून, आपण पुन्हा कधी ओरडतो याची वाट बघत बसले.