झिरो वायरमन

वीज गेली की माळवस्तीला गोकुळ आठवायचा. एरवी त्याला 'गोक्या' म्हणणारी माणसं त्या घटकेला 'गोकुळराव' म्हणत दारात यायची. खरा वायरमन गावोगावच्या तक्रारींनी मेटाकुटीला आलेला. तो फोनवरूनच सबस्टेशनला सांगून लाईन बंद करून घ्यायचा आणि खांबावर गोकुळ चढायचा. पगार नाही, हातमोजे नाहीत, परवाना तर नाहीच. अशा माणसाला आपल्याकडे झिरो वायरमन म्हणतात. परवाना नसलेल्यानं तारेला हात लावू नये, असा नियम आहे. पण नियम बसतो मुंबईत आणि ट्रान्सफॉर्मरचा डीपी उभा सणसरच्या माळावर!

त्या सकाळी कुशाबाई नवऱ्याला चहा देत होती, तेवढ्यात आप्पासाहेब आले. साखर कारखान्याचे जुने सभासद, वस्तीतलं थोर माणूस, कुशाबाईच्या लग्नात मामाच्या जागी उभे राहिलेले. डीपीवरची तार तुटली होती आणि ऊस पाण्यावाचून माना टाकत होता. गोकुळ चहा अर्धा सोडूनच उठला. एवढा पिऊन जा, असं ती म्हणाली. तो म्हणाला, आलोच. मग तीही खुरपं घेऊन रानात गेली.

शेतीची लाईन खरोखरच बंद होती. पण आप्पासाहेबांच्या मुलाला, विजयसिंहाला, दम धरवला नाही. गावठाणाची लाईन चालू होती, म्हणून त्यानं तिच्यावर आकडे टाकले आणि मोटर सुरू केली. वस्तीतली निम्मी घरं हेच करायची आणि त्याला कुणी चोरी म्हणत नसे. फक्त आकडा टाकण्याआधी शेतीच्या लाईनचं बटण पाडायचं असतं. ते तो विसरला. वीज उलटी फिरून डीपीवर गेली आणि तिथं गोकुळचे उघडे हात होते.

ओरडा ऐकून कुशाबाई धावत घरी आली, तेव्हा चार माणसं गोकुळला कूलरजवळ निजवत होती. तिला वाटलं, वारा घालतायत. मग तिनं पाहिलं, एकजण कूलरची वायर सोलून त्याच्या हाताशी ठेवत होता. आप्पासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते रडत होते आणि ते रडणं खोटं नव्हतं. खरं बाहेर आलं तर वायरमनची नोकरी जाईल, विजयसिंह तुरुंगात जाईल, वस्तीची लाईन तुटेल, असं ते सांगत राहिले. तिनं मान हलवली. त्या घटकेला कुणी विहिरीत उडी घे म्हटलं असतं, तरी तिनं मान हलवली असती.

दहावा उरकला आणि विद्युत निरीक्षक चौकशीला आला. आप्पासाहेब बाजेवर बसून होते. सासू रंगूबाईनं पढवल्याप्रमाणं कूलरकडं बोट दाखवलं. कुशाबाईही तेच सांगणार, एवढ्यात कुंपणापाशी मोटरसायकल थांबली. वस्तीतला हिंदुराव होता. आत कोण बसलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं गोकुळच्या धाकट्या भावाला हाक मारली.

"गेणूराव, डीपीचा फ्यूज गेलाय. चला की जरा."

गेणू मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालत उठला. वस्तीनं बोलावलं की जायचं, हे त्या घराच्या अंगवळणी पडलेलं. पण गेणूला आजवर कुणी राव म्हटलं नव्हतं. कुशाबाईच्या कानात जुनी 'गोकुळराव' ही हाक घुमली. ती उठून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"भावजी, बसा खाली. न्हाय जायाचं." मग ती निरीक्षकाकडं वळली. "सायेब, माझा नवरा घरात न्हाय मेला. डीपीवर मेला. ह्यांनी त्येला उतरवून हितं आणून टाकला."

"पोरी, वस्ती अंधारात जाईल," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

"जाऊ द्या, आप्पा. माझ्या घरात दुसरं काय राहिलंय?"

विजयसिंहाच्या आकड्यासकट जबाब लिहिला गेला. आकडे उतरले, पोलिसांनी विजयसिंहाला नेलं, चौकशी होईतो डीपी बंद राहिला. ऊस करपू लागला, तशी वस्तीनं कुशाबाईला वाळीत टाकलं. त्याला मात्र कुणाचा परवाना लागला नाही. तेराव्याच्या जेवणाला एक माणूस फिरकलं नाही. हिनं घर बुडवलं, असं रंगूबाईही बोलली. कुशाबाईनं ऐकून घेतलं.

आपल्या शेताला पाणी मिळावं म्हणून कोण खांबावर चढतं, हे आपण तरी कधी विचारतो?

तेराव्याच्या दुपारी तिनं गेणूला ताट वाढलं. तो मान खाली घालून जेवू लागला. त्याच्या एकेका घासाकडं बघत ती बसून राहिली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली.