एका पिंजऱ्यात एकच

कांताबाईनं राखुंडी नावाच्या सशिणीच्या उबेतून काढून आणलेल्या धवळीला काखेत दाबलं आणि तिचा कान उजेडाकडे धरला. कानातली निळी शीर वर आली तशी डॉक्टर वैरागड्यांनी सुई टोचली आणि बाटलीतून घेतलेली लघवी हळूहळू आत सोडली. सशीण एकदाच थरारली.

"झालं वं माय, झालं," कांताबाई पुटपुटली.

लघवी होती बाहेर बाकावर बसलेल्या शामलाची. काटोलचे संत्र्याचे व्यापारी मधुकरराव सकाळच्या मोटारीनं आपल्या विधवा सुनेला घेऊन धंतोलीतल्या ह्या तपासणीघरात आले होते. मुलगा जाऊन आठ महिने झाले होते आणि सुनेला तीन महिने पाळी नव्हती. दोन वर्षांची नात त्यांनी घरीच ठेवून घेतली होती.

"दुःखानंही पाळी थांबते," डॉक्टर म्हणाले. "मनाला धक्का बसला की अंगातले रस बिघडतात. आधी तपासू या."

"तपासा ना. सशाच्या पोटातून जे निघंन ते मले मान्य," मधुकरराव म्हणाले. "खरी निघाली तर घर तिचं, पोरगी तिची. नाहीतर पोरगी आमची, अन् हिनं आपला रस्ता धरावा."

कांताबाई बाहेर आली तशी शामलानं तिचा पदर धरला.

"मावशी, मी कोनाच्या सावलीलेबी गेली नाही वं. लेकराची आन."

कांताबाईनं पदर सोडवून घेतला. असल्या आणा तिनं ढीगभर ऐकल्या होत्या. तिचा स्वतःचा नवरा कन्हानला अशाच एका गरीब गाय दिसणाऱ्या विधवेच्या घरी जाऊन राहिला होता, आणि ती सक्करदऱ्याला भावाच्या ओसरीत पडली होती. तेही नोकरी होती म्हणून, नाहीतर भावजयीनं केव्हाच हाकलून दिलं असतं. विधवेच्या रडण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"मले काय सांगून राहिली? परवा सशीण सांगंन," ती म्हणाली. "जनावर खोटं नाही बोलत."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धवळीचं पोट उघडलं. बाईला दिवस गेले असले की लघवीत एक रस उतरतो, आणि तो टोचला की सशिणीच्या बीजकोशावर लाल ठिपके उठतात. ठिपके होते, चांगले टचटचीत. मधुकररावांनी कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि सुनेकडे न बघता म्हणाले,

"पोरीले आता विसर."

शामला तिथंच फरशीवर बसली. कांताबाई दारातून बघत होती. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. अस्संच पाहिजे हिला, असं तिच्या मनात आलं.

पंधरा दिवसांनी शामला एकटीच आली. लुगडं तेच, पाय धुळीनं माखलेले, आणि डोळे पार खोल गेलेले.

"डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले, पाळी आली. सासऱ्याले निरोप धाडला. थे म्हनते, पाडून आली." तिनं हात जोडले. "सशाचं चुकलं एवढं लिहून द्या जी. पोरगी माह्याबिगर जेवत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"आता पुन्हा तपासून काही उपयोग नाही. चुकायचं तर एकाच गोष्टीनं चुकतं. बाईचं बीज महिन्याच्या महिन्याला सुटतं. सशिणीचं मात्र अंगावर कोणी चढल्याशिवाय सुटत नाही. तेवढा स्पर्श झाला की नसा मेंदूला कळवतात, मेंदूकडून रक्तात रस सुटतो, आणि तेच ठिपके उठतात. नरच लागतो असंही नाही, दुसरी मादी चढली तरी पुरे. म्हणून तर मी कानीकपाळी ओरडतो, एका पिंजऱ्यात एकच." त्यांनी मान वळवली. "कांताबाई, धवळी एकटीच होती ना?"

सशिणी भांडू नयेत म्हणून साहेबांचा तो नियम असेल, असं कांताबाई आजवर समजत होती. पौषातली ती मरणाची थंडी! धवळी कुडकुडत होती, म्हणून सुईच्या आधी दोन दिवस तिनंच तिला राखुंडीच्या पिंजऱ्यात सोडलं होतं, वरून पोतं टाकलं होतं. दोघी माद्या, बिघडणार काय? दोघी आळीपाळीनं एकमेकींवर चढायला लागल्या तेव्हा ती पोट धरून हसलीसुद्धा होती. "चावट मेल्या!"

एक शब्द बोलला की शामलाची लेक तिच्या मांडीवर. पण कांताबाईच्या आधीच्या जनाबाईला एक बाटली सांडली म्हणून साहेबांनी उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. नोकरी गेली की ओसरीही गेलीच.

"एकटीच होती, साहेब," कांताबाई म्हणाली. "पयल्यापासून."

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मग माझ्या हातात काही नाही, बाई."

शामलानं कांताबाईकडे बघितलं, पण रागानं नाही.

"तुमीच म्हनलं होतं मावशी, जनावर खोटं बोलत नाही. मंग माह्याच अंगात काही वाईट असंन."

ती पायऱ्या उतरून गेली. कांताबाई तडक मागच्या पडवीत गेली आणि पिंजऱ्यापाशी थबकली. राखुंडी कोपऱ्यात बसून दातांनी स्वतःच्या छातीवरचे केस उपटत होती आणि गवतात अंथरत होती. पिलांसाठी गादी! नर तिनं जन्मात पाहिला नव्हता, पोटात काही नव्हतं, तरी तिच्या अंगाला वाटत होतं की आहे. म्हणजे धवळीचे ते ठिपके हिच्याही पोटात असणार.

"कांताबाई," आतून डॉक्टरांची हाक आली, "नवी बाटली आली आहे. राखुंडीला आणा."

कांताबाईनं ती मऊ गादी मुठीत गोळा केली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली. केसांचा वास सुटला तशी खिडकी उघडली. मग राखुंडीला उचलून ती आत गेली. बाहेरच्या बाकावर कोणीतरी दुसरी बाई बसली होती, तिच्याकडे कांताबाईनं बघितलं नाही.

तिनं राखुंडीला काखेत दाबलं आणि कान उजेडाकडे धरला. केस उपटून उघडी पडलेली राखुंडीची छाती तिनं आपल्या लुगड्याच्या बाजूला केली होती, साहेबांना दिसू नये म्हणून.