बोटभर खिळे

चौथी पट्टी चिरली तेव्हा मी हातोडा खाली टाकला आणि बाबांना म्हणाले की आता तुमचं तुम्ही करा. असं बोलायला नको होतं. त्यांना करता येत असतं तर त्यांनी मला हाक मारलीच नसती.

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, पण वर्षभरापासून दोन्ही हात थरथरतात. वैतागून त्यांनी एका दिवसात सगळी हत्यारं वाटून टाकली. राहिला तो हा हातोडा. आणि आज चार वाजता आई दवाखान्यातून घरी यायची होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, चार इंचांपेक्षा उंच पायरी चढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमच्या दाराची पायरी आठ इंच. मधे एक लाकडी पायरी झाली नाही, तर आईला महिनाभर मावशीकडे ठेवायचं ठरलं होतं. ते ऐकल्यापासून बाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

विकतची आणू का, असं मी एकदा विचारून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

ठोकळे दारात बसवून झाले होते. त्यावर ठेवायला तीन फळ्या, आणि त्यांना खालून जोडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या. एवढंच काम. फळी पाऊण इंच, पट्टी दीड इंच. खिळ्याचा एक भाग वरच्या लाकडात, दोन भाग खालच्यात, हे बाबांनी मला दहादा ऐकवलं. मग खिळा किती इंची, ते सांगा ना. तर नाही. फळी इंचात मोजायची, खिळा बोटावर. त्यांचे खिळे तीनच मापांचे: नखभर, पेरभर आणि बोटभर. पायरीला बोटभर.

सकाळी दुकानात जाऊन मी गल्ल्यावर माझं पहिलं बोट ठेवलं. दुकानदार हसला, पण तीन इंची खिळे त्याने मुकाट्याने दिले.

पहिली पट्टी चिरली तेव्हा बाबा म्हणाले, घाई करतेस. दुसरीला म्हणाले, खिळ्याचं टोक ठोकून बोथट कर, म्हणजे लाकूड फाटत नाही. केलं बोथट. पट्टी फाटलीच, शिवाय खिळा पलीकडून बाहेर आला. तिसरीला त्यांना माझ्या मनगटाचा झोक पसंत पडला नाही. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं आणि माझा अंगठा टोमॅटोसारखा सुजला होता. सहा पट्ट्या आणलेल्या, आता दोनच उरल्या. घड्याळात अडीच.

"बोटभरच आणलेस ना?" बाबांनी पुन्हा विचारलं.

बोटभरच आणलेत, मी ओरडले, आणि एक खिळा त्यांच्या मांडीवर टाकला.

त्यांनी तो थरथरत्या हाताने उचलला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला लावला. खिळा बोटाच्या पुढे चांगला पेरभर गेला.

"हा बोटभर नाही," ते म्हणाले.

त्या बोटाचं वरचं पेर करवतीने माझ्या जन्माआधीच नेलं होतं. तेच बोट धरून मी चालायला शिकले. बाबांचं बोट तेवढंच असतं, त्यात कमी काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. आज मात्र तोंडातून निघून गेलं.

"बाबा, तुमचं बोट अर्धं आहे."

त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या शेजारी धरून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असेल," ते म्हणाले. "खिळे नेहमी तुझी आईच आणायची. कधी चुकली नाही."

म्हणजे इतकी वर्षं आईला माहीत होतं, आणि एकानेही मला सांगितलं नाही. दोघांचाही राग आला. पण रागवायला वेळ नव्हता. बाबांना खुर्चीतून उठवलं, दंडाला धरून दुकानात नेलं आणि त्यांचं बोट गल्ल्यावर ठेवलं. ते थरथरत होतं, म्हणून दुकानदाराने वरून अलगद दाबून धरलं. दोन इंची. सकाळचे खिळे आणि हे, नुसते शेजारी ठेवले तरी आंधळ्याला कळलं असतं.

उरलेल्या दोन पट्ट्यांत सगळे खिळे बसले. एकही फाटली नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाच मला कळलं की काम बरं झालंय.

चार वाजून गेल्यावर गाडी आली. आई वॉकर टेकत दारापर्यंत आली आणि पायरीपाशी थांबली.

"खिळे कुणी आणले?"

मी आणले, असं मी सांगितलं.

"कुणाच्या बोटाने?"

बाबांनी ते आखूड बोट वर केलं.

"मग चढते," आई म्हणाली.