वर केलेला हात

कुरणवाडीचं नाव वाटपाच्या यादीत दिसलं तसा सोमनाथने कागद शेजारच्याकडे सरकवला. "मी दुसरीकडे जातो," तो म्हणाला. "तो रस्ता मला जमायचा नाही."

दोघंतिघं हसले. नसरापूरच्या चौकात त्याचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मोटारसायकल क्लबातल्या एकोणीस गाड्यांपैकी निम्म्या तरी त्याच्या हाताखालून गेलेल्या. चिखलात गाडी चालवावी तर त्यानेच, असं सगळे म्हणायचे.

"तुला जमत नाही, मग आम्हाला काय जमणार?" राजनंदिनीताई म्हणाल्या. भोरच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या आणि चार वर्षं क्लबच्या प्रमुख होत्या. "तो चढ सगळ्यांत वाईट आहे. तू आणि मी जाऊ."

वेल्ह्याच्या डोंगरात आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. खालच्या खाचरांतली भाताची लावणी वाहून गेली होती आणि वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरड आली होती. भोरच्या एका मंडळाने घरोघर फिरून तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मेणबत्त्या गोळा केल्या, पिशव्या भरल्या. पण टेम्पो दरडीपाशी अडला. पुढे एक मोटारसायकल जेमतेम निघेल एवढीच वाट मोकळी केलेली होती, म्हणून मंडळाने क्लबला बोलावलं. सोमनाथला नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. खरं कारण तो सांगू शकत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी क्लब याच बाजूला फिरायला आला होता. सोमनाथ वाटेत कुणाची तरी चेन बसवत मागे राहिला आणि मग बाकीच्यांना गाठायला सुसाट निघाला. कुरणवाडीच्या खालच्या वळणावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा कडेकडेने चालला होता. हँडल भाऱ्याला लागलं. म्हातारा भाऱ्यासकट चरात पडला. सोमनाथने गाडी सावरली, पन्नासएक पावलांवर थांबवली आणि मागे वळून पाहिलं. म्हातारा उठून बसला होता. त्याने एक हात वर केला.

'काही झालं नाही, जा' असंच तो म्हणतोय, असं सोमनाथने मनाशी ठरवलं. क्षणभर तो तसाच गाडीवर बसून राहिला. मग गिअर टाकून निघून गेला. पुढे टपरीवर सगळे चहाला थांबले होते. तिथे तो काही बोलला नाही. घरी बायकोला, सुलक्षणाला, बोलला नाही. त्यानंतर क्लब या बाजूला निघाला की त्याला दुकानात काहीतरी काम निघायचं.

आता तेच वळण पिशव्या बांधलेल्या गाडीवर त्याने चार वेळा चढून पार केलं. एकतीस घरं होती आणि एका खेपेला चारच पिशव्या मावत होत्या. दर वेळी वळणावर तो नजर समोरच्या चाकोरीत ठेवायचा.

वाटप मारुतीच्या देवळापुढे झालं. तिथे आरोग्य केंद्राची आशा सेविका दीपमाला नावं पुकारत होती. या तीन वाड्यांत कोण गरोदर आहे, कुणाची शुगर वाढलीय, कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, हे तिला तोंडपाठ होतं. ओळ शांत होती. पिशवी घेताना बायका पदर सावरून मान हलवायच्या आणि निमूट निघून जायच्या. शेवटी एक पिशवी राहिली.

"ही गेनूबाबांची," दीपमाला म्हणाली. "त्यांना उठता येत नाही. मावशी त्यांना सोडून येत नाहीत. दादा, तुम्ही घ्या पिशवी, मी घर दाखवते."

वाटेत सोमनाथने विचारलं, "काय झालंय त्यांना?"

"खुबा मोडलाय. दोन वर्षं झाली."

पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेण्याचं निमित्त करून तो थांबला. पण दीपमाला पुढे निघून गेली होती आणि तिच्या मागे जाण्यावाचून इलाज नव्हता.

घर टोकाला, उतरणीवर होतं. पडवीत बाजेवर म्हातारा पडलेला. चेहरा सोमनाथच्या आठवणीत नव्हताच, त्याने तो नीट पाहिलाच नव्हता. म्हाताऱ्याने मात्र हसून त्याच्याकडे पाहिलं. "या दादा, बसा. लई लांबनं आलासा. ठकू, च्या टाक."

"बाबा, हे मोटारसायकल क्लबचे," दीपमाला म्हणाली. "गाडीवरनं पिशव्या आणल्या यांनी."

बाबांची बायको ठकुबाई चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली. "मोटारसायकलवाले? मग ह्यास्नीच इचारा की. ह्यांच्यातलाच असंल कुनीतरी."

"मावशी, जाऊ द्या आता," दीपमाला म्हणाली.

"का जाऊ द्या? दोन वरीस हागणं-मुतणं म्या काढतीया."

"आगं, घरी आलेल्या मानसाला असं बोलत्यात व्हय?" गेनूबाबा म्हणाले आणि सोमनाथकडे वळले. "तुमी मनावर घिऊ नका. खालच्या वळनावर मला गाडी लागली. त्यो गाडीवाला वाईट नव्हता. थांबला व्हता. मागं वळला व्हता. म्या हात वर केला, म्हनलं, ये बाबा, उठीव मला. पर त्याच्या डोस्क्यावर ती काचंची टोपी व्हती. त्याला दिसला न्हाई माझा हात. दिसला आसता तर आला आसता."

"दिसला," ठकुबाई म्हणाली. "दिसाढवळ्या न दिसाया काय झालं?"

"ही म्हनती दिसला, म्या म्हनतो न्हाई." बाबा पुन्हा हसले. "दोन वरीस आमचं ह्याच्यावरच भांडान हाय."

चहा आला. सोमनाथने तो कसा संपवला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कप खाली ठेवून तो उठला, 'येतो' म्हणाला आणि देवळाकडे उतरला.

देवळापुढे मंडळाचा फलक धरून फोटो चालला होता. दरडीच्या अलीकडच्या वाड्या उरकून बाकीचे क्लबवालेही पायी वर आले होते. "सोमनाथ, मधी ये," कुणीतरी हाक मारली. तो गेला नाही. राजनंदिनीताईंना त्याने बाजूला बोलावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

ताईंनी फोटोसाठी उभ्या असलेल्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी टपरीवर मी तुझ्या शेजारी बसले होते. तू भजी मागवली होतीस."

"हो."

"हे मला का सांगतोस? मी कोण?"

"मला त्यांच्यापुढे जाववत नाही, ताई."

"नाही गेलास तर मी जाऊन सांगेन. पण तू जावंस." त्यांनी हातमोजे काढून गाडीच्या टाकीवर ठेवले. "मी दाराबाहेर थांबते."

दोघं पुन्हा चढून गेली. ठकुबाई पिशवीतला तांदूळ डब्यात ओतत होती. दीपमाला बाबांच्या पाठीवरची जखम पाहत होती, पडून पडून कातडी सोलली होती. सोमनाथ पडवीच्या कडेला उभा राहिला.

"बाबा, ती गाडी माझी होती."

दीपमालाने मान वर केली. तो पुढे म्हणाला, "हात दिसला होता मला. तुम्ही जा म्हणताय असं वाटलं…" तो थांबला. "नाही. तसं वाटून घेतलं मी. यायला भ्यालो."

ठकुबाईने तांदूळ ओतायचा थांबवला. डब्यात पडलेला तांदूळ तिने ओंजळीने पुन्हा पिशवीत भरला, एकही दाणा मागे ठेवला नाही. पिशवी उचलून तिने उंबऱ्याबाहेर ठेवली.

गेनूबाबा छताकडे बघत होते. "म्हंजी ही खरं बोलत व्हती," ते म्हणाले. मग, "दोन वरीस म्या तुझी बाजू घेतली."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सोमनाथ तिथेच खाली बसला. त्याचे खांदे हलू लागले. पण दीपमालाने हातातली पट्टी गुंडाळली आणि ती सरळ राजनंदिनीताईंशी बोलायला लागली. "ताई, बाबांना पुण्याला न्या म्हणून डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी लिहून दिलंय. कागद माझ्याकडे आहे. उचलून खाली न्यायला माणसं मिळत नाहीत. तरणीताठी पुण्याला कामाला गेलीत. आज तुमच्याकडे सतराअठरा माणसं आहेत. एवढी माणसं मला परत कधी मिळणार? रडायचं ते नंतर रडा."

"मी कुटं न्हाई जायाचा," बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

ठकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग दारातल्या ताईंकडे. "न्या," ती म्हणाली. "पर ह्याचा हात त्यास्नी लागता कामा न्हाई."

दोन बांबू बाजेला आडवे बांधले. क्लबची आठ माणसं बाजेखाली गेली, आठ बदलीला चालली. ठकुबाई गाठोडं घेऊन मागे निघाली. म्हशीची जबाबदारी शेजारच्या धोंडाबाईंनी घेतली. सोमनाथ पुढे चालत होता. वाटेतले सुटे दगड तो पायाने आणि हाताने बाजूला करत होता. निसरड्या जागी हाताला मिळेल तो पाला आणि माती टाकत होता. दरडीपाशी गाड्यांच्या खेपांनी तुडवलेला चिखल गुडघ्याएवढा झाला होता. तिथे बाज एका अंगाला कलली. बाबा कळवळले. सोमनाथचा हात आपोआप पुढे गेला, आणि त्याने तो मागे घेतला. दुसऱ्या कुणीतरी बांबू सावरला.

रिकाम्या झालेल्या टेम्पोत गोणपाटं अंथरून बाबांना झोपवलं. ताई ठकुबाईशेजारी बसल्या. टेम्पो निघाला, तेव्हा सोमनाथचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. त्याच्याजवळ कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात गेला. सुलक्षणा बरोबर होती. रात्री त्याने तिला सांगितलं, तेव्हा ती ताटावरून उठून गेली होती, पण सकाळी तीच तयार होऊन दारात उभी राहिली. हवालदारांनी जबाब लिहून घेतला, मध्येच पेन थांबवून विचारलं, "तुमच्यावर कुणी तक्रार केलीय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा सुलक्षणाकडे पाहिलं आणि पुढे लिहायला घेतलं. गुन्हा नोंदवला गेला, गाडी आणि लायसन्स जमा झालं. क्लबच्या बैठकीत त्याचं काय करायचं यावर दोन तट पडले. एकजण म्हणाला, आपण धान्य वाटायला गेलो आणि तोंडाला काळं फासून घेऊन आलो. सोमनाथने स्वतःच क्लबचं जाकीट घडी करून ताईंच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात बाबांचा खुबा बदलला. फार उशीर झाला, पूर्वीसारखं चालणं होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोमनाथ रोज दुकान लवकर बंद करून जायचा आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचा. औषधं आणायची असली की परिचारिका त्याच्याकडे चिठ्ठी द्यायची. ठकुबाई त्याच्यासमोरून पाणी आणायला जायची आणि यायची, पण बघायची नाही. बाबांनीही आत बोलावलं नाही.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी दीपमालाचा फोन आला. "दादा, बाबा बोलतात," एवढंच म्हणून तिने मोबाईल दिला.

"वरच्या खाचरातलं भात हुबं हाय," गेनूबाबा म्हणाले. आवाज कोरडा होता. "गडी मिळंना. ठकू येकली किती कापंल? येशील का?"

"येतो, बाबा."

"माफीचं मला काय कळत न्हाई. ती मागू नगंस. भात काप."

पहाटेची एसटी पकडून तो वेल्ह्याला उतरला आणि तिथून दरड हटवून केलेल्या नव्या रस्त्याने दीड तास चालत वर गेला. बाबा दारात वॉकर धरून उभे होते. त्यांनी हनुवटीने खाचराकडे दाखवलं आणि कोपऱ्यातला विळा घ्यायला सांगितलं. ठकुबाई आधीच खाचरात होती. तिने त्याला आपल्यापासून चार ओळी पलीकडे जागा सोडली होती.

दुकानात बसून बसून त्याची कंबर आखडली होती. दुपारपर्यंत बोटांना दोन ठिकाणी विळा लागला, तळव्याला फोड आले. ठकुबाईच्या चार पेंढ्या बांधून व्हायच्या तेव्हा त्याची एक व्हायची, तीही उचलली की सुटायची. तिने भाकरी बांधावर ठेवली होती. त्याचीही होती, वेगळ्या फडक्यात. ते फडकं तिने त्याच्या बाजूला सरकवलं आणि पाठ फिरवून जेवायला बसली.

उन्हं कलली तेव्हा ती त्याच्या ओळीवरून चालत आली. त्याने बांधलेली एक पेंढी तिने उचलली. धाटं गळून पडली. ती ते बघत उभी राहिली.

"पेंढी आशी न्हाई बांदत," ती म्हणाली.

पावसाळ्यातल्या त्या दिवसानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. तो उठून उभा राहिला. तिने त्याच्यापुढे पेंढी सोडली, बांधायचा आळा, धाटांचाच बंद, पिळून दाखवला, गाठ आत दाबून खोचली आणि मग ती गाठ पुन्हा सोडून धाटं त्याच्या हातात दिली.

"कर," ती म्हणाली आणि तो बांधेपर्यंत तिथंच उभी राहिली.