इंझोरीतला एक

सपनाने आपल्या ॲपच्या नोंदीत इंझोरी गावाच्या ओळीवर बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला. एक. सोमवारपर्यंत तिथे त्रेसष्ट होते.

मालेगावातल्या घरी बसून तिने हे ॲप केलं होतं. शेतातल्या मोटरची लाईन कधी येणार नि कधी जाणार, एवढंच ते सांगायचं. फुकट, आणि कोडही सगळ्यांना खुला. वापरणाऱ्यांची नावं तिच्याकडे येत नसत. कोणत्या गावात किती फोनांवर उघडलं, तेवढंच कळायचं. सोमवारी तिने अक्षरं तेवढी मोठी केली होती. बाकीची गावं जागच्या जागी होती. इंझोरीतले जुने फोनच या बदलाने अडले असणार, असं तिने मनाशी धरलं.

हरभरा फुलावर आलेला. लाईनची वेळ न कळून कोणाचं पाणी चुकलं असेल तर? दौलतरावमामाने घरोघरी हिंडून, भाचीचं ॲप म्हणून छाती फुगवून ते लोकांना घ्यायला लावलं होतं. चालत्या गाड्याला आपणच खीळ घातली, या विचाराने तिला जेवणही गेलं नाही. झाकलेलं ताट तसंच राहिलं. जुनी आवृत्ती परत चढवायची तयारी झाली, बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. आधी मामाला विचारावं, शिव्या खायच्या तर घरच्याच खाव्यात, म्हणून तिने फोन लावला.

मामा नुकताच वावरातून जेवायला आला होता. तिने चाचरतच विचारलं, ॲप बंद पडलं का?

"बंद काहून पडंन वं? आता कोणी पायतच नाही फोनात."

"काहून?"

"म्हातारी गोजराबाई सांगते ना लाईनची येळ बुद्धविहाराच्या भोंग्यावर. अक्षरं मोठी झाली, तिले आता बिना चष्म्याचं वाचता येते. सकाळी एकडाव सांगते, पार वावरापर्यंत आयकू येते."

 सपनाचा जीव भांड्यात पडला.

"माह्या हरभऱ्याले कालच पाणी झालं," मामा घास चावत म्हणाला. "पण अक्षरं बारीक नको करू बाई. म्हातारी लय खुश हाये."

"नाही करत," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने जुनी आवृत्ती पुसून टाकली. इंझोरीच्या ओळीत एक तसाच होता. ती उठली आणि ताटावरचं झाकण काढून जेवायला बसली.