चारशे बारा नंबरचं नाव

भावनाकडे बूथची यादी येऊन सात वर्षं झाली होती. समुद्रपूरहून आठ-नऊ किलोमीटर आत तिचं माहेरचं गाव. तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिकवायची आणि शाळा सांभाळून मतदार यादीचं काम बघायची. कोण अठरा वर्षांचं झालं, कोणती पोरगी लग्न होऊन हिंगणघाटला गेली, कोण वारलं, हे दारोदार विचारायचं आणि त्याप्रमाणे अर्ज भरायचे. यंदा गावात चौदा माणसं गेली. तेरा जणांची नावं वगळायचे अर्ज तिनं वेळेवर भरून दिले. चौदावं नाव तिच्या आईचं होतं. थूल शकुंतला महादेव, वय एकाहत्तर, अनुक्रमांक चारशे बारा.

आई श्रावणात गेली. तापाचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. मृत्यूचा दाखला भावनाच्या पर्समध्ये चार महिने घडी घालून पडून होता. रोज संध्याकाळी ती कागद काढून बसायची आणि दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज भरून उठायची.

शेवटी तहसीलमधून फोन आला. "मॅडम, तुमच्या भागातलं एक मयत नाव अजून यादीत आहे. सोमवारपर्यंत पाठवून द्या." ते नाव कोणाचं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. भावनानंही सांगितलं नाही. "हो सर," एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी ती आईच्या गल्लीत गेली. शेजाऱ्याचा जबाब आणि सही लागत होती, आणि शेजारी म्हणजे नत्थूजी. जन्मभर गावची कोतवाली केलेला माणूस, आता ऐंशीच्या घरात. आईच्या दाराला कुलूप होतं. अंगणातल्या शेवग्याला कुणी हात लावला नव्हता, शेंगा वाळून खडखडत होत्या. आई असती तर निम्म्या गावात वाटून झाल्या असत्या. भावनानं तिकडे पाहायचं टाळलं आणि नत्थूजींच्या ओसरीत येऊन "जयभीम काका" म्हणाली.

"जयभीम बाई. आज काऊन रस्ता चुकली?"

तिनं कागद पुढे केला. नत्थूजींनी चष्मा लावून नाव वाचलं आणि कागद परत तिच्या मांडीवर ठेवला.

"मी नाई करत यावर सही."

"करावीच लागते काका. कायदा आहे."

"कायदा मले नोको सांगू. चाळीस वर्सं थोच वाहला मी." त्यांनी त्या कुलूपबंद दाराकडे बोट दाखवलं. "शकुंतलाबाईचं नाव कापाले माहीच सही भेटली तुले?"

मतदानाचा दिवस म्हणजे आईचा सण. पांढरी साडी पेटीतून वर्षाला एकदा, चौदा एप्रिलला निघायची, आणि मग निघायची ती मतदानाला. पहाटे आंघोळ, पातोडीची भाजी चुलीवर, आणि सातच्या आत रांगेत पहिली. पुढे आठ दिवस शाई लागलेल्या बोटानं ती भाकरी थापायची आणि म्हणायची, "पाहा व भावने, अजून गेली नाई."

"तुम्हाला आठवते काका, आईचं मत कुणीतरी आधीच टाकलं होतं ते?"

"आठवते म्हंजे? बूथवर पानी पाजाची ड्यूटी माहीच होती."

भावना तेव्हा नववीत होती. त्या वर्षी आईला पोचायला उशीर झाला आणि तिच्या नावापुढे आधीच खूण झालेली. मास्तरांनी सांगितलं, बाई तुमचं मत पडलं, घरी जा. आई म्हणाली, "मी तं इथं उभी हाओ. मंग थे कोन होती?" आणि ती शाळेच्या पायरीवर बसली. भावनाही बसली. दुपार झाली तरी आई ना जेवली ना हलली. शेवटी बड्या साहेबांची जीप आली. कुणाचं मत आधीच कुणी टाकलेलं असलं तर त्याच्यासाठी वेगळी मतपत्रिका असते, ती काढा, असं त्यांनी सांगितलं. आईनं शिक्का मारला. कागद पेटीत नाही, लिफाफ्यात गेला. घरी येताना आईची चाल अशी होती, जशी जिल्ह्याची कलेक्टरच.

"एक गोष्ट मी तिला कधीच सांगितली नाही," भावना म्हणाली. "ही ड्यूटी लागली, ट्रेनिंगला गेले, तेव्हा मला समजलं. ते लिफाफ्यातलं मत मोजत नाहीत काका. कोर्टानं मागितलं तरच उघडतात. आई किती अभिमानानं सांगायची सगळ्यांना. कसं सांगणार होते तिला?"

नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलं. "तिले मालूम होतं."

"काय?"

"साहेबानं तिले तवाच सांगतलं, माह्यासमोर. बाई, हे मोजल्या जानार नाई, तरी टाकता काय? तुह्या मायनं म्हटलं, मोजो का नोको मोजो, मी आल्ती हे तं लिवून राहीन. आन् बाहेर येताखेपी मले म्हने, पोट्टीले सांगजो नोको नत्थूभाऊ, उपाशी बसली थे दिवसभर माह्यासंग."

सव्वीस वर्षं आई तिच्यापासून लपवत होती आणि सात वर्षं ती आईपासून. तिनं पदर तोंडाला लावला आणि चार महिन्यांत जे रडू आलं नव्हतं ते त्या ओसरीत आलं. नत्थूजींनी तिला थांबवलं नाही. उठले, माठातलं पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं.

मग त्यांनी स्वतःच कागद ओढला. "दे पेन. कुठं करू?"

तिनं जागा दाखवली. त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. भावनानं कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहिलं, दाखला जोडला, अर्जदार म्हणून आपलं नाव घातलं. मयताशी नातं : मुलगी.

"झालं," ती म्हणाली आणि उठू लागली. समुद्रपूरला घरी परतायची साडेतीनची बस होती.

"बस ना जराशी," नत्थूजी म्हणाले. "या गल्लीत शकुंतलाबाईची गोष्ट कराले आता कोनीच येत नाई. ऋतिकले चहा सांगतो." त्यांनी आत नातवाला हाक मारली.

भावनानं पिशवी पुन्हा खाली ठेवली. "काका," ती म्हणाली, "माझ्या जन्माच्या आधी आई कशी होती हो? ते सांगा."

नत्थूजी हसले, पाय पोटाशी घेऊन नीट बसले. "तिची वरात आली थे सांगू? बैलबंडीतून उतरताखेपी पाय मुरगळला तिचा, आन् महादेवरावले म्हने, पाहून काय राह्यले, हात द्या." भावना हसली. साडेतीनची बस फाट्यावर हॉर्न देऊन निघून गेली, तिनं ऐकलं, पण ती उठली नाही.